पैलवानाले तेल

कडूबाचे हात पाहाले पाहिजे होते तुम्ही. तळहात काळेशार, रेघारेघात तेल मुरलेलं, साबणानं नाही निंघे अन् चुलीतल्या राखेनंही नाही निंघे. एकोणीस वर्षं कापसातून सरकी काढाच्या जिनात बॉयलरवर काढले त्यानं. कापसाचा हंगाम आला की दिवसातून दोनदा सारे सांधे तेलानं भिजवायचे, कोणत्या चाकाचा आवाज कोरडा येऊन राह्यला हे त्याले झोपेतही समजे. मंग शेठनं जिन विकलं, बॉयलर भंगारात गेला, त्याच्या जागी विजेची मोटर आली, अन् कडूबा पन्नाशीले टेकलेला घरी बसला.

तितक्यात आपल्या गावात सायन्सचं कॉलेज निंघालं. महाराष्ट्र राज्य होऊन चारेक वर्षं झाले होते, जो तो म्हणे आमच्या गावाले कॉलेज पाहिजे. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये पेट्रोलपासून गॅस बनवाची एक टाकी होती, तिच्यापाशी जाले मास्तर लोकही भ्यायचे. प्राचार्यानं विचारलं, गावात दाबाच्या यंत्राचा माहीतगार कोण हाय? साऱ्यायनं एकच नाव घेतलं.

असा कडूबा लॅबचा शिपाई झाला. पण कच्चा बरं का! अकरा महिन्याचा कागद, तो सरला की पुन्हा नवा कागद. पक्की ऑर्डर कवा? तं नागपूर विद्यापीठाची कमिटी येईन, लॅब पाहीन, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाले मान्यता देईन, तवा. सोजराबाई, म्हणजे कडूबाची बायको, तिनं तं अर्ध्या गल्लीले सांगून ठेवलं होतं की आमचे हे आता पेन्शनीच्या नोकरीत लागणार.

जिनातून निंघतानी कडूबानं एकच वस्तू घरी आणली होती. तांब्याची तेलाची कुप्पी. बगळ्यासारखी लांब चोच, बुड दाबलं की एक थेंब, बस, एकच थेंब. ती कुप्पी त्यानं लॅबमध्ये आणून ठेवली. दाराच्या बिजागऱ्या, तराजूच्या पेटीचं कुलूप, पंख्याचा दांडा, काहीच कोरडं नाही राहू दे. पोट्टे म्हणत, "कडूबाभाऊ, एक थेंब आमच्या डोक्यात घाला, गणितं सुटतीन."

"तुह्या डोक्यात थेंबानं नाई भागत बे," कडूबा म्हणे, "तिथी तं डबा लागते."

आता पोळ्याच्या आधीची गोष्ट. शेगावच्या मालधक्क्यावर मुंबईहून एक लोखंडाचा नळकांडा आला. कॉलेजानं शालिग्रामची बैलगाडी केली, त्याच्यात कडबा अंथरला, अन् कडूबा स्वतः जाऊन तो नळकांडा घेऊन आला. बारा मैल लहान लेकरावाणी मांडीशी धरून आणला. माणसाच्या छातीएवढा उंच, अंग काळं, मान पांढरी, डोक्यावर लोखंडाची टोपी. चौघं लागले उतरवाले. केमिस्ट्रीचे बिडकर सर बाहेर आले, हात चोळत म्हणे, "आला आमचा ऑक्सिजन! आता बॉम्ब कॅलरीमीटर सुरू करू."

बॉम्ब म्हणतल्यावर पोट्टे पांगले ना इकडेतिकडे! मंग सरनं समजावलं की बॉम्ब म्हणजे एक जाड पोलादाचा डबा हाय, त्यात चिमूटभर साखर ठेवायची, ऑक्सिजन ठासून भरायचा, साखर जाळायची अन् किती उष्णता निंघते ते मोजायचं. कडूबाचं त्या डब्याकडे लक्षच नव्हतं. त्यानं विचारलं, "सर, ह्या नळकांड्यात दाब किती?"

"दोन हजार पौंड. दर चौरस इंचाला."

कडूबा खालीच बसला. जिनातला बॉयलर शंभर पौंडावर असा फुरफुरे की सारी भिंत हाले. अन् हा दोन हजारावर, अन् चूपचाप! ना धूर, ना आवाज, ना गरम. हात लावला तं थंडगार. "पैलवान हाय हा," तो म्हणे. झालं, तवापासून त्या नळकांड्याचं नाव पैलवान पडलं.

बिडकर सरनं त्याले तीन गोष्टी सांगतल्या. साखळीनं भिंतीले बांधून ठेव, पाडू नको, जवळ बिडी पेटवू नको. एवढंच. सर मोठे हुशार, नागपुरात पहिले आलेले, पण त्यायचं काय होतं माहीत हाय का, त्यायले वाटे की जे आपल्याले माहीत हाय ते साऱ्या जगाले माहीत हाय.

कडूबानं तीनही गोष्टी पाळल्या. साखळी तं अशी आवळली की भिंतीचा चुना निंघाला. बिडी ओढाले तो गेटाबाहेर जाऊ लागला. लॅबमध्ये सुलभाबाई म्हणून नव्या डेमॉन्स्ट्रेटर होत्या, तहसिलीतल्या हेडक्लार्काची पोरगी, नुकती नागपूरहून शिकून आलेली. ती पैलवानाची टोपी काढे, दाब दाखवाचं घड्याळ असलेला पितळी नळ त्याच्या तोंडाले बसवे, अन् चावी लावून झडप इतकी हळू फिरवे की जणू झोपलेल्याच्या उशाखालून काही काढून राह्यली. फिरवतानी घड्याळाच्या समोर कधी उभी नाही राहे, बाजूले. कडूबाले ते पाहून बरं वाटे. म्हणे, ह्या पोरीले यंत्राचा धाक हाय.

एकच गोष्ट त्याले खटके. चावी फिरवली की झडप किंचाळे. कुईं. बारीकसा आवाज, पण कडूबाच्या दातात शिरे.

मंग दसरा आला. जिनात दसऱ्याले बॉयलरची पूजा म्हणजे सण होता सण! आंघोळ, शेंदूर, झेंडूची माळ, नारळ, अन् शेठच्या घरचा बुंदीचा लाडू. कडूबानं प्राचार्यायले विचारलं, लॅबची पूजा करू का? ते म्हणे, "कर बाबा, पण काचा फोडू नको." सुट्टीचा दिवस. बिडकर सर घरी, सुलभाबाई मामाकडे चिखलीले. लॅबमध्ये कडूबा अन् वसतिगृहातले चारपाच पोट्टे.

त्यानं तराजूले फूल वाह्यलं, गॅसच्या टाकीले कुंकू लावलं, अन् मंग पैलवानापाशी आला. टोपी काढली. वाटीत शेंदूर, त्याच्यात गोडं तेल, बोटानं कालवलं, अन् मारुतीले लावतो तसं पैलवानाच्या पांढऱ्या मानेवर गोल फिरवलं. मंग कुप्पी काढली. झडपीच्या दांड्यावर दोन थेंब. जिथी पितळी नळ बसते त्या तोंडाच्या आट्यात दोन थेंब, अन् नळाच्या आट्यात आणखी दोन. चावी लावून दांडा, हवा सुटणार नाही इतकाच, केसभर इकडे, केसभर तिकडे केला. आवाज गेला! एकदम लोण्यावाणी.

"कडूबाभाऊ, पैलवानाले मालिश झाली काय?" एक पोट्टा म्हणे.

"नाई तं काय बे. पैलवानाले तेल नाई लावायचं तं कोणाले लावायचं?"

हसले सारे. नारळ फुटला, खोबरं वाटलं, एकमेकायले सोनं देलं अन् घरी गेले. दुसऱ्या दिवशी कडूबानं माळ काढली, शेंदूर फडक्यानं वरवर पुसला, टोपी घातली. झालं.

कमिटी मंगळवारी येणार होती, तोवर पैलवान कोणी उघडला नाही. सोमवारी सकाळी सारं कॉलेज झाडूनपुसून राह्यलं, अन् सुलभाबाईनं कडूबाले हाक मारली.

"कडूबाभाऊ, खिळा अन् हातोडी घेऊन या. हा तक्ता लावायचाय."

मोठा पुठ्ठा होता. त्याच्यावर सुलभाबाईनं सुंदर अक्षरात मराठीतून नियम लिहिले होते. जाड सळईसारखी अक्षरं. एका बाजूनं तिनं धरला, दुसऱ्या बाजूनं यानं. कडूबा चौथी शिकलेला, वाचे पण बोट फिरवत. खिळा दातात धरून त्यानं पुठ्ठा भिंतीले लावला अन् नाकासमोर जो नियम आला तो वाचू लागला.

"ऑक्सि... जनच्या... सिलिं... डरला..."

"वाचा वाचा," सुलभाबाई खूश होऊन म्हणे. "तुमच्यासाठीच मराठीत लिहिलंय."

"...तेल, तूप, ग्रीस... कधीही... लावू नये."

खिळा दातातून पडला. खाली फरशीवर टण् करून गेला टेबलाखाली.

"काय झालं?"

"काई नाई बाई. खिळा." तो वाकला. टेबलाखालूनच त्यानं विचारलं, "तेल काऊन नाई लावायचं म्हणता?"

"अहो, इतक्या दाबाचा ऑक्सिजन तेलावर गेला ना, की काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. तेल आपोआप पेटतं. झडप उघडली की भडका! पितळ जळतं त्यात, पोलाद जळतं. समोरच्याचं तोंड राहत नाही." अन् ती मंग हसून म्हणे, "पण आपण कुठे लावतोय!"

कडूबानं खिळा ठोकला. तीन घाव लागले ठोकाले, एक अंगठ्यावर बसला. अंगठा दुखला हेही त्याले नाही समजलं.

त्याच क्षणी सांगून टाकाचं ना! तुम्ही म्हणसान. तोंड उघडलंही होतं त्यानं. पण तितक्यात बिडकर सर आले, तक्ता पाहून म्हणे, "वा! कमिटीला आवडेल," अन् कडूबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "उद्या सगळं सुरळीत झालं की तुझी ऑर्डर पक्की समज, कडूबा." त्याच्या तोंडातले शब्द तसेच खाली उतरले. 

त्यानं काय केलं आइका. जिनात तेल-मळी चढली की कायनं काढत? घासलेटानं! सारे जेवाले गेले तवा यानं पैलवानाची टोपी काढली, चिंधी घासलेटात बुचकळली अन् मान, दांडा, आटे, सारं घासलं. आट्यात काडीनं चिंधी घालून फिरवली. लाल-लाल निंघालं. नळाचे आटेही घासले. चकचकीत झालं. त्याच्या जीवात जीव आला. अन् मंग, पाहा बरं माणसाचं मन, त्याले शंका आली.

दुपारी त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "बाई, तेल म्हणजे गोडं तेल, मशीनचं तेल. घासलेट त्यात नाई येत ना?"

सुलभाबाई वही तपासून राह्यली होती. मान वर न करता म्हणे, "घासलेट? ते तर आणखी भयंकर. का हो?"

"तसंच. पोट्टे विचारत होते."

आता काय करता! साबण? सोडा? पण आट्याच्या आत जे गेलं ते गेलं. झडपीच्या पोटात गेलं असीन तं ते कोणाच्या बापाले दिसणार नाही. पुसाचा भरोसाच उरला नाही. त्याले ते दोन हजार पौंड आठवले. चूपचाप उभा होता पैलवान साखळीत, मान चकचकीत.

संध्याकाळी घरी भाकरी पुढ्यात अन् हा नुसता चुरत बसलेला. सोजराबाईनं विचारलं तं त्यानं सांगतलं सारं. 

"मंग सांगून द्या ना मास्तरायले."

"उद्या कमिटी हाय. आज सांगू की तुमच्या कमिटीच्या यंत्राची मी माती केली?"

"आन् नाई सांगतलं तं?"

"ती पोरगी उघडन."

सोजराबाई चुलीकडे वळली. भाकरी उलथली, तव्यावर जळू देली. मंग म्हणे, "तिच्या मायनं आपल्या पोरीच्या, मंजुळेच्या लग्नात हळद दळली होती."

कडूबा उठून गेला.

सकाळी त्यानं शक्कल काढली. चावीच नसली तं झडप कशी उघडन? नाही उघडली तं काही होणार नाही. कमिटी तास-दोन तासाची पाहुणी, जाईन निंघून, मंग निवांत सरायले सांगू. त्यानं पैलवानाची चावी कपाटातून काढली अन् खाकी कोटाच्या आतल्या खिशात घातली. छातीपाशी. पावशेराची चावी, पण चालतानी त्याले वाटे की सारा पैलवानच खिशात हाय.

अकरा वाजता कमिटी आली. तिघं जण. अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या मिशांचे म्हातारे डॉक्टर, काठी घेऊन चालणारे, बोलाचे कमी. लॅब पाह्यली, तराजू पाह्यले, सुलभाबाईचा तक्ता वाचला, मान हालवली. मंग बिडकर सर अभिमानानं म्हणे, "आता आमचा बॉम्ब कॅलरीमीटर चालवून दाखवतो."

सुलभाबाईनं पैलवानाची टोपी काढली, पितळी नळ तोंडाले लावला, आटे फिरवले. फिरवता फिरवता थांबली.

"सर, घासलेटचा वास येतोय."

"स्टोव्ह असेल बाजूचा. चला, उशीर होतोय."

"इथेच येतोय, सर."

"अहो सुलभाबाई, पाहुणे उभे आहेत!"

 तिनं नळ आवळला. मंग चावीसाठी कपाट उघडलं. चावी नाही. खाली नाही, टेबलावर नाही, ड्रॉवरमध्ये नाही. सरचं तोंड लाल झालं.

"कडूबा! चावी कुठे आहे?"

"सापडून नाई राह्यली सर."

"सापडून नाही म्हणजे? काल होती ना?"

"होती सर."

खोटं बोलतानी त्याचा हात आपसूक छातीवर गेला, कोटावर. नशीब कोणी पाह्यलं नाही. त्याले वाटलं, झालं आता, जातीन हे लोक चहा प्याले. कमिटीतला एक जण मनगटावरचं घड्याळही पाहून राह्यला होता. पण बिडकर सर कसे ऐकतीन? त्यायची अब्रू होती ना तिथी. त्यायनं ऑफिसातल्या निवृत्तीले हाक मारली, "पळत जा, मोटारगॅरेजातून मोठा पाना घेऊन ये!"

गॅरेज तं कॉलेजाच्या समोरच! निवृत्ती पाच मिन्टात हजर, हातभर पाना घेऊन, वर हसून राह्यला, जशी मोठी कामगिरी केली. पाना तं तेलानं थबथबलेला, गॅरेजातला तो. सुलभाबाईनं तो कपड्यानं पुसला, कोरडा केला, दोनदा पुसला, बोट लावून पाह्यलं. कडूबा पाहून राह्यला. मनातल्या मनात म्हणे, अगं माय, तू वरचा पाना पुसतं, अन् आत...

मंग कमिटीवाले पुढे सरकले. घड्याळातला काटा पाहाचा होता त्यायले. ते म्हातारे अध्यक्ष काठी टेकून बराबर घड्याळाच्या समोर वाकले, चष्मा वर केला, नाक हातभर अंतरावर. बिडकर सर त्यायच्या बाजूले, बोटानं काटा दाखवून राह्यले. सुलभाबाई म्हणे, "सर, जरा बाजूला उभे राहता का," पण बिडकर सरनं आइकलंच नाही, ते दाबाचं सांगण्यात गुंग. सुलभाबाईनं पाना दांड्याले लावला.

कडूबाले जिनातला एक दिवस आठवला. बॉयलरची दाब सोडाची शिट्टी अडकून वाफ फुटली होती अन् भट्टीवाला एक फायरमन समोर उभा होता, नाव अर्जुनराव. तो मंग कधी ओळखू आला नाही.

"थांबा!"

लॅब दणाणली. कडूबा धावला नाही, पडलाच जणू सुलभाबाईच्या हातावर. पान्यासकट तिचा हात दोन्ही हातानं धरला. ती घाबरली. साऱ्यायले वाटलं याले वारं झालं.

"उघडू नोका बाई. म्या तेल लावलं हाय. दसऱ्याले. आट्यात लावलं, दांड्यात लावलं, शेंदूर लावला. मंग घासलेटानं पुसलं. चावी माह्यापाशीच हाय." त्यानं कोटातून चावी काढून टेबलावर ठेवली. "काल तुमचा नियम वाचला, पण म्या सांगतलं नाई."

 बाहेर पोट्ट्यायचा गलका चालू होता खेळाच्या मैदानावर, तेवढा येऊन राह्यला.

सुलभाबाईनं पाना हळूच खाली ठेवला.  झडप बंदच हाय हे तिनं दोनदा पाह्यलं. मंग म्हणे, "सगळे मागं व्हा. खूप मागं." तिनं पितळी नळ काढला, आट्यात पांढरा फिल्टर पेपर घालून फिरवला अन् बाहेर काढला. कागदावर पिवळं कडं, अन् त्या कड्यात बारीक लाल कण. शेंदूर. अध्यक्षायनं तो कागद घेतला, उजेडात धरला, घडी केली अन् आपल्या फायलीत ठेवला. 

बिडकर सर आधी पांढरे पडले अन् मंग लाल. "चोर! चावी लपवतोस? तेल लावलंस ते अज्ञान होतं रे. पण काल तुला माहीत झालं होतं! काल सांगितलं असतंस तर मी तुझी पाठ थोपटली असती. रात्रभर गप्प बसलास! ह्या मुलीचा हात गेला असता!"

 खरंच होतं ते. कडूबा खाली मान घालून उभा राह्यला.

तवा म्हाताऱ्या अध्यक्षायनं काठीनं त्या पितळी नळाच्या घड्याळाकडे दाखवलं. घड्याळाच्या तबकडीवर लाल इंग्रजी अक्षरं होते. "हे काय लिहिलंय?" त्यायनं कडूबाले विचारलं.

कडूबानं पाह्यलं. रोज पुसे तो ते घड्याळ. "कंपनीचं नाव असीन, साहेब."

अध्यक्षायनं बिडकर सरकडे पाह्यलं. सरनं खिडकीकडे पाह्यलं. ते लाल अक्षरं म्हणजे 'तेल वापरू नका', बस, एवढंच होतं.

"सिलिंडर कधी आला?" अध्यक्ष म्हणे.

"पोळ्याच्या आधी," सुलभाबाईनं उत्तर देलं.  "आणि तो तक्ता मी काल लावला. तुम्ही येणार म्हणून. आधी लावायला हवा होता."

कमिटी चहा न पेता गेली.

पुढचं लवकर सांगतो, कारण ते सांगतानी बरं नाही वाटत. मान्यता एक वर्ष पुढे ढकलली. कडूबाची पक्की ऑर्डर तं गेलीच, पण प्राचार्यायनं सांगतलं की हा कागद फाल्गुनात सरला की पुढचा मिळणार नाही. तेलासाठी नाही, म्हणे. चावीसाठी. सुलभाबाई दोनदा प्राचार्यायच्या खोलीत गेली भांडाले, दोन्ही वेळा डोळे पुसत बाहेर आली. कुप्पी कडूबानं स्वतःच उचलली अन् घरी नेऊन फडताळावर ठेवली. 

मुंबईच्या कंपनीची तार आली: हात लावू नका, टोपी घालून परत पाठवा.

पण पाठवीन कोण? साऱ्या गावात बातमी झालेली. शालिग्राम म्हणे, "नाई बाप्पा, माह्या बैलायले लेकरंबाळं हायेत." पोट्टे हसले, पण कोणी पुढे आलं नाही. शेवटी शालिग्रामनं गाडी देली, बैलं देले, पण स्वतः नाही आला. कडूबा म्हणे, "म्या आणला होता, म्याच नेतो."

सकाळीच निंघाला. कडबा दुप्पट अंथरला, पैलवान आडवा, दोन्ही बाजूनं कडब्याच्या पेंढ्या, टोपी घट्ट. ऑक्टोबराचं ऊन्ह लय वाईट असते, म्हून वर ओलं पोतं टाकलं. गाडीत नाही बसला तो. बारा मैल बैलाच्या कासऱ्यासोबत पायी चालला, प्रत्येक खड्ड्यापाशी बैलं थांबवून, चाक हातानं सावरून. सायकलीवाले ओलांडून जात, विचारत, "काय नेऊन राह्यले बाबा, मयत काय?" हा खड्डे पाहत चाले.

शेगावच्या मालधक्क्यावर तिसऱ्या प्रहरी पोचला. तिथी सरकीच्या तेलाचे डबे उतरून राह्यले होते. एक धिप्पाड हमाल डबा ठेवून आला, धोतराले हात पुसत, अन् पैलवानाच्या मानेले हात घालाले वाकला.

"हात नोको लावू!" कडूबा असा ओरडला की बैलं दचकले.

"काऊन बे बुढ्या? सोनं हाय काय यात?"

"तुह्या हाताले तेल हाय. आधी नळावर जाय, माती घे, साबण घे, धू. मंग ये."

"अन् तुमचे हात पाहा ना बाबा!" हमाल हसला. "जसे धुळीत लोळवले."

कडूबानं हात पुढे केले. दोन्ही हाताले मनगटापर्यंत पांढरं फडकं गुंडाळलेलं होतं, सोजराबाईच्या धुतलेल्या पातळाचं. बारा मैल तसेच बांधून आणले होते. कासरा धरून धरून फडकं धुळीनं मळलं होतं, पण तेलाचा एक डाग नव्हता त्याच्यावर.

 हमाल हात धुवाले नळावर गेला.

मालबाबूनं पावती फाडली, पुठ्ठ्याची चिठ्ठी लिहिली, तारेनं पैलवानाच्या टोपीले बांधली. कडूबानं ती पाह्यली. सारी इंग्रजीत.

"बाबूजी, त्याच्यावर मराठीतून लिहा. तेलाचा हात लावू नये."

"अरे, मुंबईले जाऊन राह्यला तो. तिथी कोण वाचीन मराठी? साहेब लोक हायेत."

"साहेब कायले उचलतीन त्याले," कडूबा म्हणे. "उचलणारा वाचते."

बाबूनं त्याच्याकडे पाह्यलं, मंग चिठ्ठी उलटी केली अन् लिहिलं. कडूबानं एका एका अक्षरावर फडक्यातलं बोट फिरवून वाचलं. सारं बराबर होतं. तरी मालगाडी लागेपर्यंत तो तिथून हालला नाही, अन् जो कोणी हमाल त्या बाजूनं गेला, त्याले त्यानं आधी हात दाखवाले लावले.